अंगणापलीकडच्या शेडची वीज

वर्धा जिल्ह्यात सेलू, देवळी, हिंगणघाटकडे गाडीची शेड अनेकदा घरापासून वेगळी, अंगणाच्या टोकाला असते. आता तिथे इलेक्ट्रिक स्कूटरही चार्ज होऊ लागली आहे. घरातून काढलेली साधी वायर पत्र्यावरून नेली, की उन्हाने तिचे आवरण तडकते आणि पहिल्याच पावसात पत्र्यात करंट उतरू शकतो. जीव जाण्याचाच हा धोका.

योग्य वाट जमिनीखालची. आर्मर्ड केबल पाऊण मीटर खोल, वाळूच्या थरात, वर विटा रचून पुरतात. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. वाळूमुळे केबलवरचा ताण कमी होतो.

केबलची जाडी अंतर आणि भार पाहून ठरते. ३० मीटरवर १६ अँपिअर भार असेल, तर तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेत ११ व्होल्टहून अधिक दाब वाटेतच जातो. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत साडेचारच्या आसपास.

शेडमध्ये स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. पत्रा, लोखंडी खांब अर्थिंगला जोडावेत आणि मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. वापर मंजूर भाराबाहेर जात असेल, तर आधी महावितरणकडे वाढीव भारासाठी अर्ज करावा.