उजवा हात रोमला आहे
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ असा विषय दिला आहे. पण मला सुरुवात गोव्यापासून करावी लागेल.

नववीतली सहल आठवते ना? डिसेंबर १९९४. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शवदर्शन होतं, दहा वर्षांतून एकदा होणारं. तुम्ही सगळे तीन तास रांगेत उभे होतात. मी नव्हते. मला ताप आला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

ताप नव्हता. सहलीचे साडेचारशे रुपये नव्हते. त्या दिवाळीत बाबांचं दुकान बंद पडलं होतं. आईनं एकदा विचारलं, “जायचंय का गं?” मी म्हटलं, मला गाडी लागते. तुमची लाल गाडी पहाटे आमच्या बोळाच्या तोंडावरून गेली, तुम्ही गाणी म्हणत होतात. मी पांघरुणात जागी होते.

परत आल्यावर इतिहासाच्या बाईंनी सहलवर्णन लिहायला सांगितलं. न गेलेल्यांनीसुद्धा लिहायचं म्हणाल्या. मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची वही उतरवली. (ती समोर बसली आहे, हसते आहे.) तिच्या वहीत काजूचे भाव होते, कोण कुठं उलटी करून आलं ते होतं, आणि एक वाक्य होतं : ‘उजवा हात इथे नाही, रोमला आहे, असे गाइड म्हणाले.’ बाईंनी माझ्या वहीत त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि लिहिलं, ‘का? माहिती मिळव.’

मी मिळवली नाही. दहावी आली, मग इंजिनिअरिंग, मग एमएससाठी जर्मनी.

२००४ च्या मे महिन्यात आमच्या विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांची रोमची सहल निघाली. आम्ही अठ्ठावीस जण, रात्रभर बस. या वेळी पैसे मी स्वतः भरले, शिकवण्या घेऊन साठवलेले. चार दिवसांत इतकी चर्च पाहिली की शेवटी नावांची सरमिसळ झाली. प्रत्येक दारात माझा पाय चप्पल काढायला थबकायचा. पोलंडच्या मुली गुडघे टेकायच्या आणि मला माझे हात कुठं ठेवावेत ते कळायचं नाही. सेंट पीटर्स भव्य आहे, पण मला पँथिऑन जास्त आवडलं. मूळचं रोमन देवळाचं, ६०९ मध्ये चर्च झालं. त्याचा ४३ मीटर रुंदीचा काँक्रीटचा घुमट लोखंडाच्या एका सळईशिवाय एकोणीसशे वर्षं उभा आहे. वर जाऊ तसा काँक्रीटमधला दगड हलका होत जातो. मी लिहिलेला प्रोग्राम तीन वर्षं टिकला तर आम्ही पार्टी करतो!

शेवटच्या दिवशी ‘इल जेझू’ला गेलो. जेझुइटांचं हे मुख्य चर्च १५८४ मध्ये पूर्ण झालं. छतावरच्या चित्रातली माणसं चौकटीबाहेर ओसंडतात. सगळे माना वर करून उभे होते. मी उजवीकडच्या वेदीपाशी गेले. वर सोनेरी पेटीत काचेआड एक हात होता, कोपरापासून खालचा. खाली पाटी होती. नाव वाचलं आणि मला एकदम आपल्या वर्गातला तिसरा बाक दिसला.

झेवियर १५५२ मध्ये चीनजवळच्या बेटावर वारले. देह मलाक्कामार्गे गोव्याला आणला. पुढे १६१४ मध्ये रोमहून संघप्रमुखांचा आदेश आला आणि ज्या हातानं त्यांनी हजारोंना बाप्तिस्मा दिला तो कापून इकडे पाठवला गेला. ते संत म्हणून जाहीर झाले १६२२ मध्ये, म्हणजे हात त्याच्या आठ वर्षं आधीच कापला गेला होता. देवळात उभं राहून मेलेल्या माणसाचा हात कापण्याबद्दल वाचताना मला शहारा आला, खोटं कशाला बोलू. शेजारी एक म्हातारी मात्र त्या हाताकडे बघत शांतपणे माळ ओढत होती, अगदी माझ्या आजीसारखी. गोव्यात तुम्ही तीन तास रांग लावलीत. इथं माझ्या आणि त्या हाताच्या मध्ये फक्त ती आजी.

बाहेर येऊन मी पोस्टकार्ड घेतलं आणि शाळेच्या पत्त्यावर बाईंच्या नावानं उत्तर लिहिलं. सगळं लिहून झालं. मग वाटलं, ‘तुम्ही सहलीला पाहिलंत ते’ असं लिहावं की ‘आपण’? ‘आपण’ खोटं झालं असतं आणि ‘तुम्ही’ लिहिलं तर तापाचं सांगावं लागलं असतं. तिकीट लावलेलं कार्ड तसंच बॅगेत राहिलं.

काल रात्री मैत्रिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, “अगं, बाईंना तेव्हाच माहीत होतं. त्या पैसे द्यायला तुमच्या घरी आल्या होत्या, तुझ्या आईनं घेतले नाहीत.” एकतीस वर्षांत आईनं मला हे सांगितलं नाही, बाईंनीही नाही.

बाई, कार्ड पर्समध्ये आहे. खाली उतरले की देते. शाई फिकट झाली आहे, पण वाचता येतं. तिसऱ्या ओळीत ‘तुम्ही’ आत्ता पेनानं लिहिलंय.