परदेशी जाणारा आधी विद्यार्थी होतो

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भिलाई येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात परदेशगमनाचा विषय निघावा, हे भिलाईत तरी अगदी स्वाभाविक आहे. हे नगरच मुळी दूरदेशीच्या माणसांच्या येण्याजाण्यातून उभे राहिले. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. रशियन तंत्रज्ञ कुटुंबांसह येथे राहिले आणि येथील अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. त्याच काळात महाराष्ट्रातून, विशेषतः विदर्भातून, मराठी कुटुंबे येथे आली आणि हिंदी-छत्तीसगढी मुलखात त्यांनी मुलांसाठी मराठीची वर्गखोली उघडली. परक्या ठिकाणी जाणे म्हणजे काय आणि तेथे आपले म्हणून काय जपायचे, हा प्रश्न या शाळेच्या पायातच चिरेबंद बसलेला आहे.

आजचा विषय त्याच प्रश्नाचे एक जुने आणि काहीसे नाजूक रूप आहे. ते म्हणजे चर्चच्या वतीने परदेशी जाणे, ज्याला 'मिशन' म्हणतात. हल्ली चर्चमधील तरुणांचे गट दोनचार आठवड्यांसाठी परदेशी जातात, एखाद्या शाळेची भिंत रंगवतात, आरोग्य शिबिरात हातभार लावतात आणि छायाचित्रे घेऊन परततात. त्यांच्या सद्हेतूबद्दल शंका नाही. पण अशा जाण्याने नेमके कोणाचे भले होते, जाणाऱ्याचे की ज्यांच्याकडे तो जातो त्यांचे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मराठी माणसाच्या इतिहासात फार दूर शोधावे लागत नाही, कारण दोनशे वर्षांपूर्वी ज्या परदेशात मिशनरी गेले, तो परदेश म्हणजे आपलाच महाराष्ट्र होता.

११ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन तरुण मुंबई बंदरात उतरले. त्यांना पाठवणारे अमेरिकन बोर्ड अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १८१० साली, स्थापन झाले होते. ईस्ट इंडिया कंपनीला हे पाहुणे मुळीच नको होते. त्यातच इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपलेले. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले, पण ते कसेबसे टिकून राहिले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. नॉट प्रकृतीच्या कारणाने लवकर परतले. हॉल राहिले. त्यांनी मराठी आत्मसात केली, शाळा काढल्या आणि बायबलच्या भाषांतरात वाटा उचलला. मार्च १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला फिरत असताना पटकीने त्यांचा अंत झाला. बंदरात उतरल्यापासून मरणापर्यंत तेरा वर्षे ते याच मुलखात होते.

हॉल गेले, त्यानंतरच्या वर्षी, जून १८२७ मध्ये, सिंथिया फॅरार नावाची न्यू हॅम्पशायरची एक बत्तिशीच्या आसपासची शिक्षिका बोस्टनहून जहाजात बसली. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिन्यांचा प्रवास करून ती वर्षअखेरीस मुंबईला पोहोचली. एकट्या, अविवाहित स्त्रीने धर्मकार्यासाठी समुद्र ओलांडणे त्या काळच्या अमेरिकेतही नवलाचे होते. अशा तिकडच्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये तिची गणना होते. तिच्याकडे काम आले ते मुंबईतील मुलींच्या शाळांच्या देखरेखीचे. मुलीला अक्षर शिकवले तर घरावर अरिष्ट येते, असे मानण्याचा तो काळ. अशा वेळी परक्या धर्माच्या, परक्या वेशाच्या बाईकडे लेकीला कोण पाठवील? तरीही मुली येऊ लागल्या, कारण शिकवायला आलेली बाई आधी स्वतः मराठी शिकायला बसली होती.

प्रकृती ढासळल्यामुळे १८३७ च्या सुमारास फॅरारबाई मायदेशी परतल्या. तेथेच राहिल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. पण दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या आणि या वेळी अहमदनगरला गेल्या. १८६२ साली नगरलाच त्यांनी देह ठेवला.

नगरच्या त्या शाळेने एक काम असे केले, की जे तिला पाठवणाऱ्यांच्या मनातही नसेल. जोतीराव फुले मित्रासह नगरला गेले असता त्यांनी मिशनच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. तेथील शिस्तीचा आणि अध्यापनाचा त्यांच्या मनावर ठसा उमटला आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. ही प्रेरणा जोतीरावांनी स्वतः १८५३ साली 'ज्ञानोदय'मधून सांगितलेली आहे. सावित्रीबाईंनीही नगरला फॅरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. पण जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळेची कल्पना घेतली, तिला आपल्या मातीत लावले आणि तिचे झाड वेगळेच वाढले. आज या सभागृहात बसलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थिनीचा त्या झाडाच्या सावलीशी काही ना काही संबंध आहे.

मुद्रणकलेचेही तसेच झाले. अमेरिकन मिशनने १८१६-१७ च्या सुमारास मुंबईत छापखाना घातला तो धर्मपुस्तिकांसाठी. पुढे त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली देवनागरी टाइप घडले, तेथे काम शिकून जावजी दादाजी बाहेर पडले आणि त्यांच्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत आणि मराठी ग्रंथांची जी देखणी मालिका काढली, ती घरोघरी पोहोचली. ज्या हातांना मिशनने खिळे पाडायला शिकवले, त्याच हातांनी वेद-पुराणे छापली.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही, आणि पालकांना तर ती चटकन उमगेल. १८३९ साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात एकच खळबळ उडाली आणि त्यांच्या शाळेचे वर्ग ओस पडले. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. तो मिशनरींकडे गेला, वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. शाळेत पाठवलेले लेकरू घरी परतेल ना, या धास्तीने किती घरांनी मुलांना शाळेपासून दूर ठेवले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. देणारा जेव्हा देण्याला अट घालतो, तेव्हा घेणाऱ्याचा हात मागे जातो. हा धडा त्या काळाने कडवट चवीसह शिकवला.

अटीची हीच गोष्ट आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात फार लखलखीत दिसते. पत्नीला अमेरिकेत शिकवावे म्हणून गोपाळरावांनी कोल्हापुरात काम केलेल्या रॉयल वाइल्डर या मिशनरींना पत्र लिहिले. उत्तरात धर्मांतराचा सल्ला आला. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या अमेरिकेतील मासिकात छापला गेला आणि तो न्यू जर्सीतील कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आला. त्यांनी कोणतीही अट न घालता आपल्या घराचे दार उघडले. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई हिंदू राहूनच तिकडे गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्याच महाविद्यालयातून १८९२ साली गुरुबाई करमरकर या मराठी ख्रिस्ती महिला डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनतर्फे वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. एक आपला धर्म घेऊन गेली, दुसरी नवा धर्म घेऊन गेली, पण दोघींच्या मनात परतीची वाट पक्की होती.

आता दृष्टी आपल्या छत्तीसगढकडे वळवू. नागपूरहून भिलाईकडे येणारी रेल्वे राजनांदगाववरून येते. १८९३ च्या सुमारास त्याच मार्गाने कवी नारायण वामन टिळक राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. दोघांची काव्यशास्त्रावर मनमोकळी चर्चा रंगली आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने लक्ष्मीबाईंच्या संसारावर काय कोसळले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण टिळक परदेशी साच्यात बसले नाहीत. त्यांनी ख्रिस्ताचे गाणे अभंगाच्या आणि भजनाच्या चालीवर म्हटले, आणि मराठी चर्चला प्रथमच आपल्या घरचा सूर मिळाला.

याच छत्तीसगढात त्याआधी पंचवीस वर्षे, १८६८ साली, ऑस्कर लोर नावाचे जर्मन वंशाचे मिशनरी अमेरिकेतून आले. रायपूरच्या उत्तरेला त्यांनी जमीन घेतली आणि वस्ती वसवली, तिचे नाव बिश्रामपूर. सतनामी समाज मूर्तिपूजा आणि जातिभेद मानत नाही असे त्यांच्या कानावर आले होते. तेव्हा हा समाज एकगठ्ठा आपल्याकडे येईल अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरली. १८७० साली पहिले बाप्तिस्मे झाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कारण उघड होते. गुरू घासीदासांनी ज्या समाजाला माणसामाणसांतील समतेचा मार्ग आधीच दाखवला होता, त्याच्यापाशी स्वतःची श्रद्धा होती, स्वतःचे गुरू होते, स्वाभिमान होता. ते रिकामे शेत नव्हते. मात्र पुढे दुष्काळांच्या वर्षांत मिशनने अन्न आणि आसरा दिला, चांदखुरीला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला, धमतरीला १८९९ साली आलेल्या अमेरिकन मेनोनाइट मिशनरींच्या कार्यातून पुढे रुग्णालय झाले. ही कामे या प्रदेशातील लोकांच्या उपयोगी पडली.

स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालाने परदेशी पैसा आणि प्रलोभनाने होणारे धर्मांतर यांवर कठोर बोट ठेवले. चर्चने त्या निष्कर्षांना विरोध केला. हा वाद आजही मिटलेला नाही आणि एका व्याख्यानात तो मिटणारही नाही. पण दोन्ही पक्षांना मान्य व्हावी अशी एक कसोटी या इतिहासातून हाती लागते. गरजू माणसाला दिलेल्या मदतीची किंमत त्याच्या श्रद्धेत वसूल करू नये, आणि त्याने स्वेच्छेने केलेल्या निवडीला कोणी अडवू नये.

सांगायचे ते एवढेच. परदेशी गेलेल्यांपैकी ज्यांचे काम उरले, त्यांनी तीन गोष्टी केल्या. त्यांनी तेथील भाषा शिकली. ते तेथे दीर्घकाळ राहिले. आणि आपण उभे केलेले काम त्यांनी स्थानिक माणसांच्या हाती जाऊ दिले, मग त्या हातांनी त्याला वेगळा आकार दिला तरीही. ज्यांनी समोरच्या समाजाला कोरी पाटी समजले, त्यांची आशा पहिल्याच पावसात वाहून गेली. दोनचार आठवड्यांच्या मिशन यात्रेलाही हेच लागू आहे. भिंत रंगवायला गेलेल्या तरुणाने त्या गावातील रंगाऱ्याला मजुरी मिळते की आपण ती हिरावतो, हे विचारावे. गावाच्या भाषेतील निदान शंभर शब्द शिकून जावे. आणि परतल्यावर 'काय देऊन आलो' यापेक्षा 'काय शिकून आलो' हे आधी सांगावे.

या शाळेचे विद्यार्थीही आज देशोदेशी आहेत. कोणी नोकरीसाठी, कोणी शिक्षणासाठी, कोणी सेवेसाठी आणि कोणी आपल्या श्रद्धेसाठी जातात. पालकांना त्यांची काळजी वाटते आणि अभिमानही वाटतो. छत्तीसगढच्या मातीत मराठी वाचायला शिकलेल्या मुलाला एक गोष्ट लहानपणीच ठाऊक झालेली असते. शेजारच्याची भाषा बोलूनही आपली भाषा जपता येते, आणि आपली जपतानाही शेजारच्याची आदराने शिकता येते. ही शिदोरी ज्याच्याजवळ आहे, त्याने कोणत्याही देशी जावे. तो तेथे ओझे होणार नाही.

शाळेच्या हीरक महोत्सवास मनःपूर्वक शुभेच्छा. येथील पुढच्या पिढ्या जगभर जावोत, आणि जेथे जातील तेथे पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांच्या बाकावर बसोत.