चक्क्यातला ठेचा

बिलासपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली आपली मुले ठेचा पाहूनच ताट सरकवतात. ही चव घरातून जाऊ नये, म्हणून हा उपाय.

अर्धा किलो दही फडक्यात बांधून चार तास टांगा. आठ हिरव्या मिरच्या, सहा लसूण पाकळ्या व मूठभर दाणे थोड्या तेलात तव्यावर परता. मीठ घालून खलबत्त्यात कुटा. गार झाल्यावरच चक्क्यात घोटा. मिठाने पाणी सुटते, म्हणून वाढतानाच घोटा. दह्यातले केसीन मिरचीचा झणका कमी करते, चव मात्र राहते.

लसूण असल्याने नैवेद्याला नको. आरतीनंतर वड्यांबरोबर वाढा. माझे बंगाली, तेलुगू सहकारीही पुन्हा वाटी पुढे करतात.