कसेल त्याची जमीन, कसणारीचे काय?



कोकणातील लहान शेतकऱ्याच्या घराचे अर्थशास्त्र समजून घ्यावयाचे असेल, तर सात-बाराच्या उताऱ्यापासून प्रारंभ करून भागत नाही. घरामागचे परडे, पडवीलगतचा गोठा, कोंबड्यांचे खुराडे आणि दारचे चार माड एवढ्याशा जागेत वर्षभर जे श्रम चालतात, त्यांच्यापासून प्रारंभ करावा लागतो. हे श्रम बहुतांशी स्त्रीचे असतात, आणि त्यांना सुट्टीचा वार नसतो.

वैशाखात आगोटीची बेगमी सुरू होते. भाताची दाढ भाजण्यासाठी शेण, पालापाचोळा आणि गवत अंथरावयाचे; सरपण, शेणी आणि पेंढा कोरड्या जागी रचावयाचा; कोकमे फोडून साल वाळवावयाची, फणसाच्या आठळ्या साठवावयाच्या. हे सर्व पहिल्या पावसापूर्वी उरकले नाही, तर त्याची किंमत चार महिने मोजावी लागते. भिजलेली शेणी म्हणजे धुराने भरलेले घर, आणि कुजलेला पेंढा म्हणजे आटलेले दूध.

मृगात पेरणी होते, आषाढात लावणी. दिवसभर चिखलात वाकलेली बाई संध्याकाळी घरी परतते ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन. कारण गोठ्यात बांधलेल्या गाईला लावणीचा हंगाम ठाऊक नसतो. मांडवावर पडवळ, दोडकी आणि काकडी चढलेली असतात, ओलाव्याच्या कडेला अळू वाढलेले असते. आश्विनात हळवे भात कापणीला येईपर्यंत अनेक घरांतील कणगी तळाला गेलेली असते. त्या दिवसांत परड्यातील भाजीने जेवण भागते आणि अंडी विकून मीठ-तेल येते. ज्याला पंडित पूरक व्यवसाय म्हणतात, तो या महिन्यांत घराचा मुख्य आधार असतो.

कापणीनंतर गुरे मोकळी सुटतात, म्हणून परड्याला नवी वई घालावी लागते. शेतातील ओलीवर कुळीथ आणि वाल येतात. परड्यात लाल माठ, मुळा, वांगी, मिरची. या भाजीला पाणी कळशीने घालावयाचे, आणि फाल्गुनात विहीर खोल गेली की प्रत्येक कळशीमागे श्रम वाढतात. गोठ्यातील शेण परड्यात जाते, परड्यातील टाकाऊ पाला गोठ्यात येतो, भाताचा कोंडा-कणी कोंबड्यांना मिळते. मानमोडीची साथ आली की मात्र थोड्याच दिवसांत खुराडे रिकामे होते. या रोगावर प्रतिबंधक लस आहे. ती दहा कोंबड्यांच्या मालकिणीपर्यंत वेळेवर पोहोचते की नाही, यावर तिचे मीठ-तेल अवलंबून असते.

या परड्याचा मुंबईशी असलेला संबंध कामगार चळवळीने तरी विसरता कामा नये. कोकणातील पुरुष पिढ्यानपिढ्या गिरण्यांत राबले आणि गावी मनीऑर्डर पाठवीत राहिले. परंतु मनीऑर्डर ही हिशेबाची एकच बाजू होय. कामगाराच्या कुटुंबाच्या पोषणाचा मोठा भाग गावाकडील स्त्री उचलीत होती, म्हणूनच गिरणीमालकाला कमी मजुरीवर भागविता आले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. त्यांतील अनेकांनी गाव गाठले. हजारोंना पुन्हा काम मिळाले नाही. त्या काळात कित्येकांचे पोट याच शेता-परड्याने सांभाळले. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत. परड्याची नोंद क्वचितच आढळते.

नोंदीचा हा अभाव केवळ इतिहासापुरता नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या रोजगारविषयक पाहण्यांत 93 हा एक क्रमांक ठरविण्यात आला: घरकाम करून शिवाय घरासाठी भाजीपाला, सरपण, चारा गोळा करणाऱ्या व्यक्तींचा. या क्रमांकात नोंद झालेली व्यक्ती श्रमशक्तीच्या बाहेर गणली गेली. 1977-78 च्या पाहणीपासून अशा स्त्रियांना परसबाग, कोंबड्या आणि दुभती जनावरे यांविषयी पुरवणी प्रश्न विचारले गेले. परंतु उत्तर होकारार्थी आले म्हणून क्रमांक बदलला नाही. घरी प्यायलेले दूधही राष्ट्रीय उत्पन्नात मोजावयाचे आणि दूध काढणारीला मात्र काम न करणारी ठरवावयाचे, असा हा विलक्षण जमाखर्च आहे. 1988 च्या 'श्रमशक्ती' अहवालाने स्त्रीच्या अशा श्रमांना काम म्हणून मान्यता देण्याचा आग्रह धरला होता. 2019 च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे देतात असे दिसून आले. परड्यातील आणि गोठ्यातील वेळ यात धरलेला नाही. त्याचे सदर वेगळे आहे.

यावर कोणी म्हणेल, आकड्यांत नाव आल्याने पोट भरते काय? भरत नाही. परंतु जिची कामगार म्हणून गणना नाही, तिची शेतकरी म्हणूनही गणना होत नाही, आणि मग योजना, कर्ज व नुकसानभरपाई सात-बारावरील नावाच्या मागे जातात. 1949 च्या खोती निर्मूलनाच्या कायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कोकणातील कुळाला जमिनीचा हक्क दिला, ही थोर कमाई होती. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा तेथवर सार्थ झाली. परंतु कसणारीचे नाव उताऱ्यावर बहुधा चढते ते पतीच्या निधनानंतर, वारस म्हणून. जिवंतपणी केलेल्या श्रमाचा हक्क मृत्यूच्या दाखल्यावर मिळावा, हे समतेच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. गावोगावी पती-पत्नी दोघांच्या नावे उतारा व्हावा यासाठी अर्ज भरून घ्यावेत. कोंबड्यांची लस हंगामापूर्वी गावात यावी यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याकडे पाठपुरावा करावा. गणना करणारा दारात आला की घरातील बाई 'काही करत नाही' असे उत्तर कोणी देऊ नये, एवढे तरी पाहावे. हे शेवटचे काम सर्वांत सोपे वाटते. प्रत्यक्षात तेच सर्वांत कठीण आहे, कारण ते उत्तर पुष्कळदा कार्यकर्त्याच्याच घरातून दिले जाते.