दिवा लावल्याशिवाय डिस्क ओढू नका



मला सहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय दिलाय ‘रेड कंट्रोलरचा कमांड लाइनवरून कारभार’. ऐकणारी बहुतेक मंडळी सर्व्हर सांभाळणारी आहेत, त्यामुळे रेड पाच म्हणजे काय ते सांगत बसत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. डिस्क ओढण्याआधी तिचा दिवा लावा. कमांड लाइनवरून लावा आणि डिस्कसमोर उभ्या असलेल्या माणसाकडून वदवून घ्या, की हो, लुकलुकतोय.

लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. एका खांबाला वाळवी लागली तरी मांडव लगेच खाली येत नाही, बाकीचे खांब भार घेतात. रात्री मांडववाल्याचा माणूस खांब बदलायला येतो आणि अंधारात शेजारचा धडधाकट खांब उपसतो. मांडव थेट पंगतीवर! बिचारी वाळवी उगाच बदनाम.

हे मी केलेलं आहे म्हणून सांगते. सर्व्हर दुसऱ्या गावच्या एका कार्यालयात, मी इथे माझ्या टेबलाशी. चार डिस्कांचा रेड पाच, त्यातली एक गेलेली. स्क्रीनवर स्लॉट तीन. फोनवर तिथला शिकाऊ मुलगा. तो म्हणाला, “मॅडम, दोन डिस्कांवर पिवळा दिवा आहे. तिसरी काढू ना?” मी म्हटलं, “हो, तीन नंबर.” आता मेगारेड कंट्रोलरवर स्लॉट मोजतात शून्यापासून. माझी तीन नंबरची म्हणजे चौथी डिस्क. त्याने एकपासून मोजलं आणि स्लॉट दोनची ओढली. तिच्यावरही पिवळा दिवा होताच, कारण ती बिघडण्याची पूर्वसूचना देत होती. पण होती जिवंत, काम करत होती. व्हॉल्यूम जागच्या जागी ऑफलाइन. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं, तरी त्या दिवसाच्या नोंदी लोकांना परत टंकाव्या लागल्या. मुलाची चूक नव्हती. आकडा मी सांगितला होता, दिवा लावला नव्हता.

तर ऐका. कागद घ्या हवा तर. स्टोरसीएलआय, मोकळी जागा, तिरपी रेघ, सी शून्य, तिरपी रेघ, ई दोनशे बावन्न, तिरपी रेघ, एस तीन, मोकळी जागा, स्टार्ट लोकेट. सी म्हणजे कंट्रोलर, ई म्हणजे एन्क्लोजर, एस म्हणजे स्लॉट. दोनशे बावन्न हा नेहमी दिसणारा आकडा, तुमच्याकडे वेगळाही असेल. आधी ईऑल-एसऑल-शो करून बघा. डेलवाल्यांचं पर्कसीएलआय याच घडणीचं. ॲडॅप्टेकच्या आर्ककॉन्फमध्ये आयडेंटिफाय म्हणतात. आणि जुनं मेगासीएलआय अजून वापरणाऱ्यांनो, पीडीलोकेट तुमच्याकडेही आहे. ती आज्ञा पाठ नसेल तर मी रागावणार नाही, कोणालाच पाठ नसते. लिहून भिंतीला चिकटवा.

आता त्या ‘शो’च्या तक्त्याकडे नीट बघा. पहिल्या रकान्यात एन्क्लोजर आणि स्लॉट. शेजारी डीआयडी म्हणून दुसरा आकडा. हा डीआयडी म्हणजे स्लॉट नव्हे! स्मार्टसीटीएलला मेगारेड, स्वल्पविराम, आकडा असं देतो तिथे हाच डीआयडी लागतो. डिस्क ओढायला मात्र स्लॉट. कंट्रोलरच्या नोंदवहीत तर डीआयडी षोडशमान पद्धतीत येतो: शून्य ई लिहिलेली डिस्क म्हणजे चौदा. आणि एचपीईच्या एसएसएसीएलआयमध्ये पोर्ट, बॉक्स, बे असा तिहेरी पत्ता, तिथे बे मोजतात एकपासून. एकाच डिस्कला इतकी नावं. मग फोनवर नुसतं “तीन नंबर” म्हणून कसं चालेल? मांडवात कोणी “तिसरा खांब” म्हणतं का? कोणत्या बाजूने तिसरा? खांबाला लाल फडकं बांधतात. तुमचा दिवा म्हणजे ते फडकं.

कोणी म्हणेल, बाई, मेलेली डिस्क दिवा कसा लावेल? कधीकधी ती तक्त्यातूनही गायब असते, बरोबर. मग उलटं करा. उरलेल्या सगळ्या डिस्कांचे दिवे एकेक करून लावा. अंधारात राहील ती काढायची. त्यातही शंका वाटली तर तक्त्यातल्या जिवंत डिस्कांचे अनुक्रमांक लिहून ठेवा आणि काढलेल्या डिस्कवरचा अनुक्रमांक त्यांत नाही ना, ते बघा.

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ या तिघांनी रेडवरचा निबंध मांडला. त्यात एक सूत्र आहे. डिस्क किती काळ टिकते, किती डिस्का आहेत, बिघडलेली बदलायला किती वेळ लागतो, यावरून सगळा संच किती टिकेल ते काढायचं. दुरुस्तीला वेळ जितका जास्त तितकं आयुष्य कमी, म्हणून कंट्रोलरचा भोंगा नुसता गप्प करून घरी जाणाऱ्यांवर माझा राग आहे. खांब वाळवीचा आहे हे कळल्यावर पंगत उठेपर्यंत थांबता का तुम्ही? जादाचा बांबू शेजारी आडवा टाकलेला असावा, म्हणजे हॉट स्पेअर. पण त्या सूत्रात चुकीची डिस्क ओढणाऱ्या हाताला जागा नाही. ती जागा आपली.

रिबिल्ड चालू असताना तर हातच लावू नका. शो रिबिल्ड म्हटलं की टक्के दिसतात, ते बघत चहा प्या. त्या वेळी उरलेल्या खांबांवर भार सगळ्यात जास्त असतो. चुकून ओढलेली डिस्क परत बसवल्यावर ‘फॉरिन’ म्हणून दिसते, ती घाईने पुसू नका, इनिशियलाइज तर मुळीच नको. आयात कधी करायची याला वेगळं भाषण लागेल.

हो, आणि काम झाल्यावर दिवा विझवा. तीच आज्ञा, स्टार्टच्या जागी स्टॉप. नाहीतर पुढच्या महिन्यात कोणीतरी त्याच लुकलुकत्या दिव्याखालची नवी कोरी डिस्क ओढेल.