लहान धरण, मोठी जोखीम

(वाराणसी येथे मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



गंगेच्या काठी राहणाऱ्यांना पूर म्हटले की मोठी नदीच आठवते. परंतु १९९७ मध्ये वाराणसीतून वेगळ्या झालेल्या शेजारच्या चंदौली जिल्ह्यात चंद्रप्रभा, मुसाखांड अशी धरणे आहेत. अशा धरणांची सुरक्षितता कोणत्या निकषावर जोखावी, हा आजचा विषय आहे.

भारतीय मानक ११२२३ (१९८५) हे धरणांचे वर्गीकरण मुख्यतः आकारावरून करते. ०.५ ते १० दशलक्ष घनमीटर साठा किंवा ७.५ ते १२ मीटर जलशीर्ष असलेले धरण ‘लहान’ ठरते. त्याचा सांडवा सामान्यतः शंभर वर्षांच्या पुरासाठी आखला जातो. हा पूर शतकातून एकदाच येतो, असा समज चुकीचा आहे. कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते. त्यामुळे पन्नास वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ३९.५ टक्के होते. धोका जास्त असल्यास मोठा पूर गृहीत धरण्याची मुभा मानकात आहे. मात्र त्यासाठी धरणाखाली कोण राहते, हे आधी पाहावे लागते.

मरुप्रदेशात ही पाहणी अधिक अवघड असते. पाऊस अनियमित असतो आणि पात्र वर्षानुवर्षे कोरडे राहिल्याने लोक तेथे निर्धास्तपणे वस्ती करतात. लुणी नदीवरील १८८९ चे जसवंतसागर धरण २००७ च्या पावसाळ्यात फुटले.

अतिवृष्टीच्या कोकणातही अनुभव वेगळा नाही. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण साठ्याच्या दृष्टीने लहानच होते. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील सुमारे वीस जणांचे प्राण गेले. गळतीबाबत ग्रामस्थांनी आधीच तक्रार केली होती.

अर्थशास्त्राच्या भाषेत, जोखीम म्हणजे दुर्घटनेची शक्यता आणि संभाव्य हानी यांचा गुणाकार. धरणाचा आकार बदलत नाही. खालची वस्ती मात्र वाढत जाते. म्हणून वर्गवारी एकदा करून भागत नाही. शिवाय नव्या धरणाचे उद्घाटन होते, दुरुस्तीचे होत नाही. त्यामुळे देखभालीची तरतूद नेहमी मागे पडते.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ ने ही उणीव अंशतः भरून काढली. १५ मीटरपेक्षा उंच, तसेच १० ते १५ मीटर उंचीची परंतु विशिष्ट अटी पूर्ण करणारी धरणे त्याच्या कक्षेत येतात. पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी, देखभालीसाठी पुरेसा निधी, आपत्कालीन कृती आराखडा आणि धोक्यानुसार वर्गीकरण बंधनकारक आहे. मात्र १० मीटरपेक्षा कमी उंचीची असंख्य धरणे या कक्षेबाहेर आहेत. त्यांच्या खालीही माणसेच राहतात. उद्या प्रशासनात गेल्यावर धरणाची उंची विचारण्याआधी खालच्या घरांची संख्या विचारा, एवढीच माझी अपेक्षा आहे.