एक सकाळ पायी चालणाऱ्यांची

(मंडळाच्या श्रावणातल्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय मलाच निवडायला सांगितला आहे. मी काही व्याख्याता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो. रस्ता, नाली, पुलिया, मोजमापाची वही यांतच वीस-बावीस वर्षं गेली. तेव्हा रस्त्याबद्दलच बोलतो. जे बोलेन ते मंडळाचा सभासद म्हणून, खात्याच्या वतीने नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

काही वर्षांपासून आपल्या देशात एक नवी पद्धत सुरू झाली आहे. सुटीच्या दिवशी सकाळी एखादा मोठा रस्ता काही तास वाहनांना बंद ठेवायचा आणि चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना, लहान मुलांना मोकळा करून द्यायचा. तिकीट नाही, नोंदणी नाही. ज्याला यायचं त्याने यावं. याची सुरुवात दक्षिण अमेरिकेत, कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे झाली. 15 डिसेंबर 1974 रोजी तिथले नागरिक सायकली घेऊन रस्त्यावर उतरले आणि शहरात मोटारींनाच सगळी जागा का, असं त्यांनी विचारलं. आज तिथे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते लोकांसाठी मोकळे असतात. आपल्याकडे 17 नोव्हेंबर 2013 रोजी गुडगावात 'राहगीरी' सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी भोपाळने ती उचलली. इंदूरने 22 सप्टेंबर 2023 रोजी 'नो कार डे' पाळला. तेव्हा गणपती बसलेले होते, त्यामुळे इंदूरच्या नातेवाइकांकडून आपल्यापैकी अनेकांनी त्याबद्दल ऐकलं असेल.

मी स्वतः असा जो दिवस पाहिला तो पुण्यातला. 11 डिसेंबर 2021, शनिवार. पुणे महानगरपालिकेने तो 'पादचारी दिन' म्हणून जाहीर केला होता आणि लक्ष्मी रस्त्याचा उंबऱ्या गणपती चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा भाग वाहनांसाठी बंद ठेवला होता. लक्ष्मी रस्ता म्हणजे काय, हे इथल्या महिलावर्गाला सांगायला नको. आपल्या तीन पिढ्यांचे शालू, पैठण्या आणि रुखवताचं सामान तिथूनच ग्वाल्हेरला आलं आहे! मी एका लग्नाच्या निमित्ताने पुण्यात होतो आणि नारायण पेठेत मावशीकडे उतरलो होतो. मावशी तेव्हा एकोणऐंशी वर्षांची. लक्ष्मी रस्ता तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण चार वर्षांत तिने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. ब्लाउजपीससुद्धा सुनेकडून मागवायची. मी म्हटलं, "चल मावशी, आज गाड्या नाहीत म्हणतात." ती म्हणाली, "लक्ष्मी रोडवर गाड्या नाहीत? विसर्जन आहे का आज?"

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्या रस्त्यावर माणसाला मधोमध चालायला मिळतं ते अनंत चतुर्दशीलाच. पण त्या दिवशी मिरवणूक नव्हती, ढोल-ताशे नव्हते, रेटारेटीही नव्हती. कोरोनाचे दिवस होते, बहुतेकांच्या तोंडावर मास्क होते. मुलं रस्त्यावर खडूने चित्रं काढत होती. बसायला जागा होती, म्हणून म्हातारी माणसं निवांत बसली होती. मावशीने माझा हात शंभर पावलांतच सोडला. एका दुकानासमोर थांबली, दुसऱ्यात शिरली, तिसऱ्यातून बाहेर पडायला तयार होईना. वाटेत शाळेतली एक मैत्रीण भेटली. दोघी एकाच पेठेत राहतात आणि सहा वर्षांनी भेटत होत्या! त्या बोलत बसल्या, तेवढ्यात मी एक चहा घेऊन आलो, मग दुसरा घेऊन आलो.

तिथल्या एका कापड दुकानदाराला मी धंद्याचं विचारलं. तो म्हणाला, गाडीवाला गिऱ्हाईक आज कमी आहे, पण आत येणारा घाईत नाही. या उत्तरात 'कमी' आणि 'घाईत नाही' असे दोन्ही शब्द आहेत. मी दोन्ही सांगतोय, कारण अर्धंच सांगणं बरं नाही. दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर पुन्हा गाड्यांची रांग होती आणि मावशी पुन्हा घरात होती, हेही सांगतो.

आता थोडं माझ्या धंद्याचं गणित. इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम सांगतात की पादचाऱ्याला चालायला किमान 1.8 मीटर रुंदीची मोकळी पट्टी हवी. समोरासमोरून दोन व्हीलचेअर जातील एवढी. रस्ता ओलांडायचा हिशेब करताना साधारण सेकंदाला 1.2 मीटर हा चालण्याचा वेग धरतात. म्हणजे 12 मीटर रुंद रस्त्याला दहा सेकंद. हा वेग धडधाकट माणसाचा. गुडघे दुखणाऱ्या बाईला त्याच रस्त्याला वीस सेकंद लागतात. आता समजा, वाहनं अगदी सावकाश, ताशी 15 किलोमीटरने येत आहेत. वीस सेकंदांत ती 80 मीटरांहून जास्त अंतर कापतात. याचा अर्थ, त्या बाईला निर्धास्तपणे रस्ता ओलांडायला दोन गाड्यांमध्ये 80 मीटरची फट मिळायला हवी. आपल्या दाल बाजारात सकाळी अकरा ते रात्री आठ यांच्यामध्ये 80 मीटरची फट कोणी पाहिली असेल तर हात वर करा.

(कोणीही हात वर केला नाही.)

मंडळी, हा हिशेब मी मुद्दाम मांडला, कारण मंडळात गेली काही वर्षं एक तक्रार चालू आहे की जुने लोक येत नाहीत. नाट्यमंदिरात मराठी नाटक असलं तरी मागच्या रांगा रिकाम्या. आपण म्हणतो, टीव्हीने नेलं, मोबाइलने नेलं, तरुण पुण्या-बंगळूरला गेले. ते सगळं खरं आहे. पण गेल्या वर्षी तिकिटांसाठी फोन करायचं काम माझ्याकडे होतं. ज्यांनी 'नाही' म्हटलं, त्यांना मी कारण विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. साठीच्या पुढच्या एकतीस जणांनी नकार दिला. त्यांतल्या एकोणीस जणांचं उत्तर एकच होतं : "यायची इच्छा आहे रे, पण उतरायचं कुठे आणि आत पोचायचं कसं?" रिक्षा शंभर पावलं अलीकडे सोडते. पुढे हातठेले, पोत्यांच्या थप्प्या, ई-रिक्षा, मोटारसायकली. एका काकूंना तर ठेल्याचा दांडा लागून मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. नाटक त्यांच्या हाताच्या अंतरावर आहे आणि मधला रस्ता त्यांना ओलांडता येत नाही.

आपलं लष्कर म्हणजे 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी दिलेल्या छावणीचं झालेलं शहर. चिटणीसांची गोठ, पाटणकर बाजार, बालाबाईचा बाजार, शिंद्यांची छावणी ही नावं आपल्या आजोबांनी पायांनी पाठ केली. माझे वडील मोतीमहालातल्या कचेरीत सायकलने जात. जे. सी. मिलचा भोंगा झाला की बिर्लानगरकडे सायकलींची रांग लागायची, हे इथल्या अनेकांनी पाहिलं आहे. आज माझी मुलगी बाड्याला स्कूटरवरून जाते आणि मधलं एकही नाव तिला सांगता येत नाही. तिला दोष देत नाही. चालल्याशिवाय गल्ली कळत नाही आणि चालायला जागा नाही.

म्हणून माझी सूचना अशी. दिवाळीनंतर, कार्तिकात, थंडी नुकती लागलेली असताना एका रविवारी सकाळी सहा ते नऊ, नाट्यमंदिराच्या आगेमागे साधारण अर्धा किलोमीटर रस्ता चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी मोकळा मिळावा, असा प्रयत्न आपल्या मंडळाने करावा. रांगोळी घाला, मुलांना लगोरी खेळू द्या, भजनी मंडळाने काकडआरतीची पदं म्हणावीत. कार्यक्रम नसला तरी चालेल. चार खुर्च्या टाकल्या तरी पुष्कळ.

काही जण लगेच म्हणतील, दाल बाजार म्हणजे लक्ष्मी रोड नव्हे. मान्य आहे. हा घाऊक धान्याचा बाजार आहे. इथे गाडी आली नाही तर माल येत नाही, आणि माल आला नाही तर पल्लेदाराची मजुरी बुडते. पोतं पाठीवर वाहणारा तो माणूसही चालणाराच आहे आणि त्याची सकाळ बुडवून आपण फेरफटका मारणं शोभणार नाही. म्हणूनच तीन तास, आणि तेही दुकानांची शटरं वर जाण्याच्या आधीचे. व्यापाऱ्यांशी आणि पल्लेदारांशी आधी बोलायचं. ज्याची गाडी पहाटे येणार असेल तिला वाट द्यायची. रहिवाशांच्या गाड्या अडवायच्या नाहीत, त्यांनी सावकाश काढाव्यात. आणि रुग्णवाहिका, अग्निशामक यांच्यासाठी मधली पट्टी पूर्ण वेळ रिकामी, तिथे खुर्चीसुद्धा नको. अर्ज दोन ठिकाणी द्यावा लागेल, वाहतूक पोलिसांकडे आणि नगर निगमकडे, सोबत नकाशा जोडून. नकाशा मी काढून देतो.

दुसरी शंका अधिक खरी आहे. तीन तासांनी काय होणार? फोटो निघतील, वर्तमानपत्रात बातमी येईल आणि सोमवारी सगळं पूर्ववत. पुण्यातही दुसऱ्या दिवशी पूर्ववतच झालं. पण तिथे एक गोष्ट राहिली. पुढेही 11 डिसेंबरला तो दिवस पाळला गेला, आणि लक्ष्मी रस्ता वाहनांशिवाय कसा दिसतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला 'हे शक्यच नाही' असं सांगता येत नाही. सरकारी कामाचा माझा अनुभव असा की 'लोकांची फार गैरसोय होते' या वाक्याने फाइल हलत नाही. 'या ठिकाणी इतक्या वाजता इतके पादचारी मोजले, त्यांपैकी इतके साठीच्या पुढचे, आणि मोकळी रुंदी इतकी' असं लिहिलं की निदान तिच्यावर शेरा तरी मारावा लागतो. त्या सकाळी आपण मोजणी करायची. त्याच्या आदल्या रविवारी, त्याच वेळी, त्याच जागी, एक मोजणी करून ठेवायची. दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले की अर्ज आपला आपण बोलतो. आणि त्या अर्जात मागणी एकच : नाट्यमंदिरापर्यंत एका बाजूने 1.8 मीटरची पट्टी, बाराही महिने मोकळी. एवढंच. सगळा बाजार बदलायला मी सांगत नाही.

यासाठी मला मंडळाकडून पैसे नकोत, तीन गोष्टी हव्यात. पहिली, वीस स्वयंसेवक. दोन्ही टोकांना पाच-पाच, उरलेले मोजणीला आणि आजी-आजोबांना हात द्यायला. दुसरी, व्यापारी मंडळींकडे माझ्याबरोबर येणारे दोन-तीन ज्येष्ठ सभासद, कारण तुमचा त्यांच्याशी चाळीस वर्षांचा उधार-नगदीचा संबंध आहे, माझा नाही. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, तुमच्या घरातल्या त्या माणसाचं नाव, जो यायला तयार आहे पण येत नाही. त्याला कुठून आणायचं, किती चालवतं, मध्ये किती वेळा बसावं लागतं, एवढं लिहून द्या. खुर्च्या त्या हिशेबाने ठेवू.

चहापानाच्या वेळी मी दाराजवळच्या टेबलावर वही घेऊन बसणार आहे. त्या एकोणीस जणांची यादी पहिल्या पानावर आहे. शेजारच्या रकान्यात त्यांना घेऊन येणाऱ्याचं नाव लिहायचं आहे, तो रकाना अजून कोरा आहे. चहा घेण्याआधी आपण तिकडे यावं, ही विनंती.